जादूचे पुस्तक आणि शाळेचे पुस्तक



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत दोन प्रश्न वारंवार असतात. पहिला असा: मुलगा जादूगारांच्या जाडजूड कादंबऱ्या घेऊन बसतो, जेवणाचेही भान राहत नाही, हे चालू द्यावे का? दुसरा असा: मुलीला अभ्यासाला इंग्रजी कादंबरी आहे, तिने ती उघडलीही नाही, गाइडमधून उत्तरे पाठ केली आणि गुण मात्र चांगले आले, आता काय म्हणावे?

दोन्ही पत्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. जे पुस्तक मूल मनापासून वाचते, त्याच्याकडे आपण संशयाने पाहतो. जे पुस्तक मूल वाचतच नाही, त्याचा आपण आदर करतो, कारण ते शाळेने दिलेले असते. पहिले पुस्तक उशीखालून काढून कपाटावर ठेवले जाते, दुसरे कव्हर घालून दप्तरात जाते. दोन्ही पुस्तकांत काय लिहिले आहे, हे मात्र घरात कोणीच विचारत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की दोन्ही पुस्तकांना एकच माप लावावे. पुस्तक बंद करण्याआधी आणि त्याला मान देण्याआधीही, ते आपल्या मुलाच्या तोंडून ऐकावे.

जादूची भीती

आधी भीतीबद्दल बोलू, कारण ती खोटी नाही. जादूटोणा आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे. याबद्दल कोणत्याही घरात दुमत नाही, आणि या सदरालाही त्यावर वाद घालायचा नाही. प्रश्न एवढाच आहे की जादूची गोष्ट वाचणे म्हणजे जादू करणे आहे का.

पवित्र कुरआनात हजरत मूसा (अ.) आणि फिरऔनचे जादूगार समोरासमोर येतात, तो प्रसंग आपली मुले लहानपणीच ऐकतात. तिथे जादू आहे, पण ती सत्यापुढे टिकत नाही, आणि ते सर्वांत आधी ओळखतात ते स्वतः जादूगारच. ही हकीकत ऐकून कोणाचेही मूल जादूगार झालेले नाही. खरे काय आणि दिखावा काय, हेच त्यातून ते शिकते.

आता आपल्या दास्तानी पाहा. अमीर हमजाची दास्तान प्रेषितांच्या (स.) चुलत्यांच्या नावाभोवती रचलेली आहे. ती इतिहास नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत होते आणि ऐकणाऱ्यालाही. अकबर बादशहाने या दास्तानीची चित्रे काढून घेतली. हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले आणि सुमारे १४०० मोठी चित्रे तयार झाली. चित्राच्या पाठीमागे मजकूर असे. एक माणूस चित्र समोर धरी आणि त्याच्या मागून गोष्ट वाचली जाई. त्यांतील थोडीच चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत उरली आहेत.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ही दास्तान उर्दूत छापायला घेतली, तेव्हा तिचे ४६ खंड झाले. कुरआन शरीफच्या प्रतीही याच छापखान्यातून निघत होत्या. या खंडांतला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. जादूगारांचा बादशहा अफरासियाब, जादूने उभारलेली शहरे, आणि अमर अय्यारची ती झंबील, जिच्यात अख्खी दुनिया मावते. अमीर हमजा या जादूला जादूने उत्तर देत नाही. त्याच्यापाशी इस्म-ए-आजम आहे, अल्लाहचे महान नाव. या दास्तानी ऐकणाऱ्यांत पाच वक्तांचे नमाजी होते, शिकलेले होते, अनपढही होते. गोष्ट संपली की ती मंडळी उठून आपापल्या कामाला लागत. कोणी झंबील शिवायला बसले नाही.

हीच चिंता दुसऱ्या धर्मांच्या घरांतही झाली आहे, हेही सांगायला हवे. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग १९९७ मध्ये आला आणि सातवा २००७ मध्ये. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदींनुसार २००० ते २००९ या दशकात शाळा आणि ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी सर्वांत जास्त वेळा झाली ती याच मालिकेबद्दल. मागणी करणाऱ्यांत ख्रिस्ती पालक मोठ्या संख्येने होते. म्हणजे मुलाच्या हातात जादूचे पुस्तक पाहून काळजीत पडणारी आई फक्त आपल्याच मोहल्ल्यात राहते असे नाही.

काही आलिम मंडळी अशा कादंबऱ्यांपासून दूर राहण्याचा सल्ला देतात. जी घरे तो सल्ला मानतात, त्यांनी तो मानावा. पण पुस्तक काढून घेताना त्या जागी दुसरे चांगले पुस्तक ठेवावे. रिकामा हात पुस्तकाकडे परत जात नाही, मोबाइलकडे जातो. आणि जी घरे परवानगी देतात, त्यांनी मुलाच्या वयाकडे पाहावे. सात-आठ वर्षांचे मूल खरेच छडी फिरवून मंत्र म्हणू लागले आणि तो लागू पडेल असे त्याला वाटू लागले, तर पुस्तक वर्षभर थांबू शकते. तेरा वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो.

छडीपेक्षा महत्त्वाचे

आमची खरी तक्रार वेगळी आहे. पालक छडी शोधतात आणि छडी सापडली नाही की निर्धास्त होतात. पुस्तकात विचार करण्यासारखी जी गोष्ट असते, ती बहुतेक वेळा छडीत नसतेच.

सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके घ्या. ती १९५० ते १९५६ या काळात आली. सुंदर छापलेली, पातळ, बोलणारे प्राणी असलेली ही पुस्तके ‘हॅरी पॉटर’ला बंदी असलेल्या घरांतही बिनधास्त आणली जातात. पहिल्याच पुस्तकात अस्लान नावाचा सिंह दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो. लुईस श्रद्धाळू ख्रिस्ती होते. हा प्रसंग त्यांनी आपल्या श्रद्धेतून लिहिला, आणि त्यात काही लपवलेलेही नाही. मुलाला हे सरळ सांगता येते: “बेटा, लेखकाचा अकीदा असा आहे, आपला असा आहे, आणि गोष्ट अशी आहे.” पाच मिनिटांचे बोलणे आहे. पण ते बोलण्यासाठी पुस्तकात काय आहे ते ठाऊक हवे.

याच मालिकेत नार्नियाच्या दक्षिणेला कालोरमेन नावाचा देश आहे. तिथले लोक सावळे आहेत, पागोटे बांधतात, वाकड्या तलवारी बाळगतात, अलंकारिक बोलतात, गुलाम ठेवतात आणि ताश नावाच्या भयंकर देवतेला पुजतात. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ (१९५४) आणि ‘द लास्ट बॅटल’ (१९५६) या दोन पुस्तकांत हा देश ठळकपणे येतो. पोशाख आपल्या बाजूच्या लोकांचा आणि श्रद्धा मात्र कोणाचीच नाही, असे हे चित्र आहे. आपला मुलगा ते वाचतो तेव्हा त्याला कोठेतरी टोचते, पण काय टोचले ते सांगता येत नाही. ते सांगायला त्याला मोठ्या माणसाची मदत लागते.

लुईस यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पहिल्या पुस्तकातली अराविस ही कालोरमेनचीच मुलगी आहे. मनाविरुद्ध ठरवलेल्या लग्नातून ती घोड्यावर बसून निघून जाते, आणि अख्ख्या मालिकेतील धीट पात्रांत तिची गणना होते. दुसऱ्या पुस्तकात एमेथ नावाचा एक प्रामाणिक कालोरमेन सैनिक आहे, आणि लेखक त्याला मान देतो. मग मुलाला विचारावे: दोन माणसे चांगली दाखवली म्हणजे बाकीच्या देशाचे चित्र बरोबर झाले का? आमचे मत विचाराल तर, नाही झाले. पण मुलाने आपले मत स्वतः बनवावे.

टॉल्किन हे लुईस यांचे मित्र आणि ऑक्सफर्डमधले सहकारी. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. त्यातही दक्षिणेकडचे सावळे लोक हत्तींसारख्या प्रचंड जनावरांवर बसून शत्रूच्या बाजूने लढायला येतात. पण दुसऱ्या खंडात एक छोटासा प्रसंग आहे. सॅम हा साधा माळी. त्याच्या पायाशी शत्रूचा एक सैनिक मरून पडतो. सॅमच्या मनात येते की याचे नाव काय असेल, हा खरेच दुष्ट असेल का, कोणत्या थापांनी किंवा धमक्यांनी याला घरापासून इतक्या दूर आणले असेल. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. मेलेला सैनिक त्यांनी जवळून पाहिला होता. हजारभर पानांच्या त्या कादंबरीतले हे एकच पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, इतके ते मोलाचे आहे. सुरुवात मात्र त्यांच्याच ‘द हॉबिट’ने (१९३७) करावी. ते लहान मुलांसाठी लिहिलेले आहे आणि खुसखुशीत आहे.

आमच्या पसंतीचे चौथे नाव फारसे कानावर पडत नाही. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली. तिचा नायक गेड तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, आणि त्याच्या दुनियेत बहुतेक लोक सावळेच आहेत. हुशारीच्या घमेंडीत, मित्रांपुढे मोठेपणा दाखवायला, तो एक काळी सावली मोकळी सोडतो. मग ती सावली त्याचा पाठलाग करते. आधी तो पळतो, नंतर उलटून तिचाच शोध घेतो. शेवटी ती सावली कोणाची निघते, ते येथे सांगत नाही. घमेंड माणसाचे काय करते हे चौदा वर्षांच्या मुलाला उपदेशाने सांगितले तर तो कान बंद करतो. या पुस्तकातून तो ते आपणहून घेतो.

आणि ‘हॅरी पॉटर’? आमचे मत असे. पहिले तीन भाग गमतीचे आहेत. जिन्याखालच्या कोठडीत झोपणारे पोरके मूल आणि त्याला मिळालेले दोन दोस्त, याच्यात जीव आहे. यतीम मुलाच्या वाट्याला नातेवाइकांकडून काय येऊ शकते, हे त्यात हसत-हसत पण खरे सांगितले आहे. चौथ्या भागापासून मृत्यू आणि क्रौर्य वाढते, म्हणून ते भाग बारा वर्षांनंतर द्यावेत. आम्हाला खटकते ते वेगळेच. नायकाने शाळेचा नियम मोडला की पुष्कळदा त्याला बक्षीस मिळते. या एका गोष्टीवर तुमच्या घरात जोरदार वाद व्हायला हरकत नाही.

शाळेचे पुस्तक पवित्र नसते

आता कव्हर घातलेल्या पुस्तकाकडे वळू. राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त कादंबरीचा वेगळा विभाग आला. त्यात ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्न यांची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि शेरलॉक होम्सची ‘द साइन ऑफ फोर’ यांचे उतारे आहेत. मुले उतारा वाचतात, पात्रांची नावे आणि ‘कोण कोणास म्हणाले’ पाठ करतात, पेपर देतात. मूळ कादंबरी हातात घेणारी थोडीच. ज्यांनी ती घेतली, त्यांना मोठी गंमत सापडते.

व्हर्न यांची कादंबरी १८७२-७३ची. फिलिअस फॉग मुंबईला उतरतो आणि रेल्वेने कलकत्त्याकडे निघतो. वाटेत चक्क मालेगाव येते! लेखक मात्र त्या मुलखाचे वर्णन ठगांनी रक्ताने माखलेला प्रदेश असे करतो. गाडी पुढे जाते, रूळ संपतात, हत्ती विकत घेतला जातो, आणि बुंदेलखंडात फॉग एका तरुण विधवेला सती जाण्यापासून वाचवतो. ही विधवा कोण, तर मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, जिचे लग्न जबरीने एका म्हाताऱ्या राजाशी लावलेले असते. व्हर्न हिंदुस्थानात कधी आले नव्हते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे आणि प्रवासवर्णने यांच्या आधारे त्यांनी हा देश रचला.

‘द साइन ऑफ फोर’ १८९० मधली. १८५७ च्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात चौघे जण खजिन्यासाठी एकमेकांना शपथ देतात. त्यातला एक इंग्रज. बाकी तिघांची नावे महोमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर. आणि कादंबरीत हे शीख म्हणून वावरतात! आपल्या घरातल्या आठवीच्या मुलालाही यात काय गडबड आहे ते कळेल. कॉनन डॉईल यांना कळले नाही, किंवा त्यांच्या वाचकांना त्याने फरक पडत नव्हता.

मग सांगा, काल्पनिक दुनिया कोणती? अर्थसीची बेटे नकाशावर नाहीत, हे लेखिका पहिल्या पानापासून मान्य करते. मालेगाव नकाशावर आहे, आग्र्याचा किल्ला आहे, पण अभिजात म्हणून नेमलेल्या या दोन कादंबऱ्यांत ते ज्या रंगात दिसतात तो रंग कल्पनेतला आहे. जादूच्या पुस्तकाकडे आपण जेवढ्या बारकाईने पाहतो, तेवढ्याच बारकाईने याही पुस्तकाकडे पाहायला हवे.

याचा अर्थ ही पुस्तके टाकून द्यावीत असा नाही. व्हर्न यांचा शेवट लाजवाब आहे. पूर्वेकडे जात राहिल्यामुळे फॉगच्या हिशेबात एक अख्खा दिवस जास्तीचा येतो, आणि भूगोलाच्या तासाला जे डोक्यावरून गेले ते येथे एका क्षणात समजते. होम्सची बुद्धी पाहून तर मूल स्वतः तर्क करू लागते. पुस्तकावर प्रेम करावे आणि त्याची चूकही दाखवावी, या दोन्ही गोष्टी एकाच वाचकाला जमतात. त्यासाठीच तर वाचायला शिकवायचे.

आयसीएसई शाळांत ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ अनेक वर्षे अभ्यासाला होते. वर्गात चर्चा होते ती शायलॉक या ज्यू सावकाराची, आणि ती व्हायलाच हवी, कारण शेवटी त्याला त्याचा धर्म सोडायला भाग पाडले जाते. ‘न्याय मिळाला’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी मुलांना येथे थांबवावे. पण त्याच नाटकात मोरोक्कोचा शहजादाही आहे. पोर्शियाला मागणी घालायला तो येतो आणि पहिल्याच वाक्यात विनंती करतो की माझ्या रंगावरून मला नापसंत करू नका. तो सोन्याची पेटी निवडतो, हरतो आणि निघून जातो. तो गेल्यावर पोर्शिया सुटकेचा श्वास सोडते आणि अशा रंगाच्या साऱ्यांनी अशीच निवड करावी, अशा अर्थाचे बोलते. गाइडमध्ये तिच्या बुद्धिमत्तेवर पाच गुणांचे उत्तर असते. त्या उत्तरात हे वाक्य बसवून पाहा, असे मुलीला सांगावे. गोरेपणाच्या क्रीमपासून लग्नाच्या स्थळांपर्यंत आपल्याही घरांत रंगाचे जे चालते, त्यावर बोलायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

मराठीकडेही तसेच पाहू. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. कोकणातल्या एका ब्राह्मण घरातली ही कथा आहे. त्यातले सोवळे, व्रते, सण आपल्या घरातले नाहीत. म्हणून काही पालक म्हणतात, आमच्या मुलांना यात काय? आमचे उत्तर असे की गरिबी आहे, कर्जाची लाज आहे, आणि पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या मुलाला फोकाने मारून विहिरीवर पाठवणारी, नंतर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून डोळे पुसणारी आई आहे. यातले आपल्या घरात काय नाही? आणि त्याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही आदराने लिहिले, हे मुलांना अवश्य सांगावे. त्याच वेळी एखादी मुलगी म्हणाली की या पुस्तकात आईने फारच सोसले आणि तिचे कौतुकही तेवढ्यासाठीच होते, तर तिला गप्प करू नये. ती पुस्तक नीट वाचते आहे.

मत ऐकायचे कसे

आता सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. आपल्या अनेक घरांत भाषेची अडचण असते. आई दखनी किंवा उर्दू बोलते, कोकणात कोकणी बोलते, मूल मराठी शाळेत जाते आणि कादंबरी इंग्रजीत आहे. आई म्हणते, मला ते पुस्तक वाचताच येत नाही, मी काय विचारणार?

अम्मीजान, हीच तुमची ताकद आहे. मुलाला म्हणा, “मला वाचता येत नाही, तू मला गोष्ट सांग. आपल्या बोलीत सांग.” गाइडवरून पाठ केलेले उत्तर दखनीत सांगता येत नाही. ज्याने वाचले नाही तो दुसऱ्याच मिनिटाला अडखळतो. ज्याने वाचले आहे त्याला थांबवावे लागते. परीक्षेला आपल्या शब्दांत लिहा म्हणतात, त्याची तयारी स्वयंपाकघरात अशी होते.

आणि सांगितलेल्या गोष्टीला कमी लेखू नका. अल्लादीन आणि अलीबाबा यांच्या कथा ‘अलिफ लैला’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. १७०९ मध्ये हलबचा एक तरुण ख्रिस्ती अरब, हन्ना दियाब, पॅरिसला गेला होता. त्याने त्या गोष्टी आंत्वान गॅलां या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितल्या, त्याने टिपून घेतल्या, आणि तिथून त्या जगभर गेल्या. पुढे मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणल्या. कोणीतरी सांगितले आणि कोणीतरी मन लावून ऐकले, म्हणून अल्लादीन आज आपल्याकडे आहे. ‘श्यामची आई’तल्या प्रकरणांना गुरुजींनी ‘रात्र’ म्हटले आहे, आणि शहरजादही रात्रीच गोष्ट सांगते. दिवसभराचे काम उरकल्यावर, इशानंतर, आपल्याही घरात वीस मिनिटे निघतील.

विचारायचे प्रश्न तीनच. या गोष्टीतला कोणता माणूस आपल्या दस्तरखानवर जेवायला बोलवावासा वाटतो, आणि का? लेखकाने कोणावर अन्याय केला आहे असे वाटते? कोणत्या पानावर कंटाळा आला? तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. “पुस्तक बोअर आहे” हे मत नाही, पण “पहिली चाळीस पाने नुसती वर्णने आहेत आणि कोणी बोलतच नाही” हे मत आहे. मोठ्या लेखकाचे पुस्तक आवडले नाही असे सांगण्याचा हक्क मुलाला आहे. त्या हक्काबरोबर पान दाखवण्याची जबाबदारी येते, एवढे त्याला शिकवावे.

वडिलांना वेगळे सांगतो. आईने गोष्ट ऐकली की मूल वाचते. वडिलांनी मोबाइल खाली ठेवून ऐकली की मुलाला कळते, वाचन हे वेळ घालवण्याचे काम नाही.

आणि मुलींबद्दल एक विनंती. आठवी-नववीनंतर अनेक घरांत मुलीच्या वाट्याला कामे येतात आणि अवांतर वाचन गळून पडते. तिच्याकडे उरते फक्त नेमलेले पुस्तक, तेही गाइडमधून. पुढे ती आई होते आणि लिहिते, मला वाचता येत नाही, मी काय विचारणार? हा फेरा तोडायचा असेल तर तो आजच तुटतो. वाढलेले ताट जसे तिच्यासाठी झाकून ठेवतो, तसे तिचे एक पुस्तक राखून ठेवावे. ते जादूचे असो वा शाळेचे.

पुढच्या महिन्यात या सदरात जागा मुलांची असेल. दहा ते सोळा वर्षांच्या आपल्या मुला-मुलींकडून एक जादूचे आणि एक शाळेचे पुस्तक, अशा दोन्हींवर प्रत्येकी दहा ओळी लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. मराठी, दखनी, कोकणी, जशी येईल तशी भाषा चालेल. हस्ताक्षर आणि शुद्धलेखन पाहिले जाणार नाही. पुस्तक आवडले नसेल तर तसेच लिहावे, फक्त पानाचा क्रमांक द्यावा. इन्शाअल्लाह, निवडक मते छापू. मोठ्यांनी त्यात दुरुस्ती करू नये.